दैव, ऊन आणि दोष : तापलेल्या इंजिनाचे निदान आणि कार्यकारणविचार

गाडीचे इंजिन प्रमाणाबाहेर तापले की त्याला काहीतरी कारण असणार, हे सगळ्यांनाच मान्य असते. मतभेद होतो तो कोणत्या गोष्टीला कारण म्हणायचे यावर. मे महिन्यात चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे जाताना एखाद्या गाडीच्या बोनेटखालून वाफ निघाली, तर आसपास तीन उत्तरे ऐकू येतात. ऊनच तसे आहे, हे पहिले. वेळ वाईट होती, नशिबात होते, हे दुसरे. गाडीत कुठेतरी बिघाड आहे, हे तिसरे. यांतले एक उत्तर खरे मानले म्हणून दुसरे खोटे ठरत नाही. तरीही निदान म्हणण्याची पात्रता एकाचीच असते. हे असे का, याचा विचार करू लागले की प्रश्न धर्माच्या आणि तत्त्वज्ञानाच्या प्रांतात जातो. जे घडते ते ईश्वरेच्छेने किंवा पूर्वकर्माने घडते अशी श्रद्धा असलेल्या माणसाने एखाद्या घटनेचे नेमके कारण शोधण्याचे कष्ट का घ्यावेत? न्यायदर्शनाने आणि आयुर्वेदाने या प्रश्नाला फार पूर्वी उत्तर दिले आहे, आणि ते तापलेल्या इंजिनाला पुरेपूर लागू पडते.

इंजिन तापते म्हणजे काय

इंधन जळून जी ऊर्जा मिळते तिचा साधारण एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढीच ऊर्जा सायलेन्सरवाटे बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. सिलिंडरमधल्या जळत्या वायूंचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर सिलिंडरवरचे झाकण, म्हणजे हेड, ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते ते ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तरी हेड शाबूत राहते, कारण त्यातली उष्णता सतत वाहून नेली जाते. उष्णतेवर चालणारे कोणतेही यंत्र काही उष्णता थंड बाजूला सोडल्याशिवाय चालत नाही, हे फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्ये मांडले. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्रही याच नियमाने बांधलेले आहे. २९२० मेगावॉट क्षमतेच्या या केंद्राला इरई धरणाचे पाणी लागते, आणि २०१० च्या उन्हाळ्यात धरणाने तळ गाठला तेव्हा तिथले काही संच बंद ठेवावे लागले होते. तापणे हा इंजिनाचा स्वभावच आहे. बिघाड म्हणायचा तो उष्णतेची आवक आणि जावक यांचा तोल सुटण्याला.

हा तोल सांभाळणारी साखळी लहान आहे. वॉटर पंप, ज्याला गॅरेजमध्ये वॉटर बॉडी म्हणतात, कूलंट फिरवत ठेवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो आणि साधारण ८२ ते ९० अंशांना उघडून कूलंटला रेडिएटरकडे वाट देतो. रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि जाळी ती उष्णता हवेला देतात. गाडी वेगात असेल तर समोरून येणारा वारा पुरतो, उभी असेल तर फॅन लागतो. रेडिएटरचे झाकण आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक बार जास्त राखते, त्यामुळे साधे पाणीही १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर कडक झाले आणि दाब टिकेनासा झाला, तर एरवी निर्धोक असलेल्या तापमानालाच पाणी उकळू लागते.

उन्हाचा वाटाही खरा आहे. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही देशातल्या सर्वांत तापणाऱ्या गावांमध्ये गणली जातात. इथे पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही आणि काही वर्षी तो ४७ च्याही पुढे गेलेला आहे. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर हा फरक ७० अंशांचा असतो. हवा ४६ अंशांवर गेली की तो ४९ वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर हिवाळ्याच्या तुलनेत सुमारे ३० टक्के कमी उष्णता टाकतो. मात्र गाडी बनवणाऱ्याने ही घट धरूनच रेडिएटरचा आकार ठरवलेला असतो. त्याच दुपारी, त्याच रस्त्याने शेकडो गाड्या न तापता जातात. म्हणूनच ऊन हे उत्तर खरे असूनही अपुरे पडते.

कार्यावरून कारणाकडे

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत : पूर्ववत, शेषवत आणि सामान्यतोदृष्ट. वात्स्यायनाच्या भाष्यात पहिल्या दोहोंची उदाहरणे निसर्गातली आहेत. ढग दाटलेले पाहून पाऊस पडेल असे समजणे हे पूर्ववत, कारण त्यात कारणावरून कार्याकडे जायचे असते. नदी फुगून गढूळ वेगाने वाहताना पाहून वरच्या मुलखात पाऊस झाला असे समजणे हे शेषवत, कारण त्यात कार्यावरून कारणाकडे जायचे असते. इंजिनाचे निदान शेषवत अनुमानात मोडते. वाफ, काटा, गळती आणि वास एवढे समोर असते, कारण मात्र धातूच्या आत दडलेले असते.

या अनुमानावरचा सर्वांत कठीण आक्षेप न्यायसूत्रांनीच दुसऱ्या अध्यायात नोंदवला आहे. नदी पावसाने फुगते, तशी खालच्या बाजूला बांध पडल्यानेही फुगते. मुंग्या अंडी घेऊन पावसाच्या चाहुलीने निघतात, तशा वारूळ मोडल्यावरही निघतात. मोराचा केकारव माणूसही हुबेहूब काढू शकतो. एकाच कार्याला अनेक कारणे असू शकतील तर कार्यावरून कारण ठरवायचे कसे?

वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी यांच्या काठी राहणाऱ्यांना हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा वरच्या भागातल्या मोठ्या पावसाबरोबर धरणांतून सोडलेले पाणीही त्यात होते. भामरागडला पर्लकोटा चढते ती कधी तिच्याच पाणलोटातल्या पावसाने, तर कधी इंद्रावती तुंबून पाणी मागे सरकल्याने. सिरोंचाजवळ गोदावरीवरचे मेडीगड्डा बॅरेज २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून शेतात शिरलेले पाणी पावसाचे की बॅरेजच्या फुगवट्याचे, हा तिथल्या शेतकऱ्यांच्या नुकसानभरपाईच्या मागणीतला कळीचा प्रश्न झाला. पाणी चढले हे कार्य सगळीकडे सारखे दिसते, कारणे मात्र वेगळी आणि त्यांची जबाबदारीही वेगळी.

न्यायसूत्रांचे उत्तर पुढच्याच सूत्रात आहे आणि भाष्याने ते उलगडले आहे. नुसत्या चढलेल्या पाण्यावरून पावसाचे अनुमान होत नाही. ते होते विशिष्ट प्रकारच्या पुरावरून : पात्र भरून वाहणारा वेग, फेस, वाहून आलेली फळे, पाने, लाकडे. बांधाने तुंबलेल्या पाण्याला ही लक्षणे नसतात. चूक अनुमानाची नसते, अर्धवट पाहणाऱ्याची असते. पुढच्या काळातल्या नैयायिकांनी हाच मुद्दा अग्नीच्या उदाहरणाने चर्चेला घेतला. गवताने, अरणीच्या घर्षणाने आणि सूर्यकांत मण्याने, अशा तिन्ही प्रकारांनी अग्नी पेटतो. मग अग्नीचे कारण कोणते? त्यांनी दिलेले एक उत्तर असे की त्या तिन्ही अग्नींना एकच समजणे हीच गफलत आहे, प्रत्येकात आपापल्या कारणानुसार भेद असतो. ‘इंजिन तापले’ हे वर्णन म्हणून असेच फार ढोबळ आहे. ते कसे तापले, कधी तापले, कशासोबत तापले हे पाहिल्यावरच कार्याच्या अंगावरची कारणाची खूण दिसते.

लक्षणांचे भेद

पहिली शंका प्रत्यक्षाविषयीच घ्यावी लागते. काटा लालीत गेला म्हणजे इंजिन तापलेच असे नाही. सेन्सर बिघडला किंवा अर्थिंग सैल झाले तरी काटा चढतो. उलटही घडते. कूलंट बहुतेक गळून गेले की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत उघडा पडतो आणि हेड भाजत असताना काटा खाली उतरलेला दिसू शकतो. म्हणून काट्याची साक्ष दुसऱ्या साक्षीने पडताळायची असते. वाफ, वास, टाकीतली पातळी किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर यांपैकी काहीही त्यासाठी चालते. भ्रम आणि प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, यांतला भेद इथूनच सुरू होतो.

दुसरा भेद वेळेचा. रेल्वे फाटकापाशी किंवा बाजारातल्या गर्दीत गाडी उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच उतरतो, असे असेल तर दोष फॅनच्या बाजूला असतो : फ्यूज, रिले, मोटर, फॅनचा स्विच, जुन्या गाडीत सैल झालेला पट्टा. उभ्या गाडीत ठीक आणि वेगात किंवा चढावर तापते, असे असेल तर रेडिएटर पुरेसा चालत नाही. त्याच्या नळ्या आतून गाळाने भरलेल्या असतात, किंवा जाळी बाहेरून धूळ, किडे आणि गवताच्या कुसळांनी बुजलेली असते, थर्मोस्टॅट अर्धाच उघडतो किंवा वॉटर बॉडीची पाती झिजलेली असतात. कोळशाच्या आणि लोहखनिजाच्या वाहतुकीच्या रस्त्यांवर सतत धावणाऱ्या गाड्यांत जाळी बुजणे हे नेहमीचे असते. सुरू केल्यापासून काही मिनिटांतच तापली, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असण्याची, कूलंट नसण्याची किंवा आत हवा कोंडलेली असण्याची शक्यता मोठी. वरचा होज पाईप चटका देणारा आणि खालचा थंड लागला, तर कूलंट रेडिएटरमधून वाहत नाही हे स्पर्शानेच कळते. मात्र हा स्पर्श इंजिन बंद करून, फॅन आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवूनच करायचा.

तिसरा भेद पाणी कुठे जाते याचा. पातळी घटत असेल आणि जमिनीवर डाग दिसत असतील तर गळती बाहेर आहे. होज, क्लिप, रेडिएटरचा सांधा किंवा वॉटर बॉडीचे सील पाहायचे. थंड इंजिनाला प्रेशर टेस्टर लावला की झिरपणारी जागा उघडी पडते. पाणी कमी होते पण बाहेर थेंबही दिसत नाही, तेव्हा ते इंजिन पीत असते. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर, इंजिन ऑइलला आलेला दुधाळ रंग, इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये येणारे बुडबुडे, थंड गाडीतही लगेच कडक होणारा होज पाईप या खुणा हेड गॅस्केटकडे किंवा हेडच्या तड्याकडे नेतात. कूलंटवरची हवा निळ्या चाचणीद्रवातून ओढली आणि त्याचा रंग पिवळसर झाला, तर ज्वलनवायू कूलंटमध्ये शिरत असल्याचा पुरावा मिळतो. पावसाच्या पुराला फेस आणि वाहून आलेली लाकडे, तशा गॅस्केटच्या दोषाला या खुणा. केवळ चढलेल्या काट्यावरून हेड उतरवणारा मेकॅनिक चढलेल्या पाण्यावरून पाऊस ठरवणाऱ्यासारखाच घाई करतो.

चौथे साधन आयुर्वेदाच्या परिभाषेत नेमके सांगता येते. निदानपंचकात हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती ही पाच अंगे येतात. लक्षणांवरून रोग स्पष्ट होत नसेल तेव्हा एखादा उपचार करून पाहायचा आणि त्याने बरे वाटते की नाही यावरून रोग ओळखायचा, हा उपशय. गाडीचा हीटर पूर्ण सुरू केल्यावर काटा उतरला, तर कूलंट फिरते आहे आणि रेडिएटरची उष्णता टाकण्याची ताकद कमी पडते आहे असे समजते. फॅनला थेट बॅटरीची जोडणी दिल्यावर तो फिरला, तर मोटर निर्दोष ठरते आणि शोध स्विच व रिलेकडे वळतो. या पद्धतीची अट एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. थर्मोस्टॅट, झाकण आणि वॉटर बॉडी एकदम बदलल्यावर गाडी बरी झाली, तरी दोष कशात होता हे ज्ञान झालेले नसते. गाडी चालू लागते, निदान मात्र राहून जाते.

चरकसंहितेच्या निदानस्थानात आणखी एक बारकावा आहे. एक रोग दुसऱ्या रोगाचे कारण होऊ शकतो, आणि दुसरा झाल्यावर पहिला कधी शमतो, कधी तसाच टिकून राहतो. हेड गॅस्केट याचे उत्तम उदाहरण आहे. गॅस्केट उडाले की इंजिन तापते, आणि इंजिन फार तापले की हेड वाकून गॅस्केट उडते. म्हणून गॅस्केट बदलून, हेडचे फेसिंग करून गाडी परत दिली तरी काम अपुरे असू शकते. मूळचा बुजलेला रेडिएटर जागेवरच असेल तर नवे गॅस्केटही त्याच वाटेने जाते. कार्याच्या साखळीत पहिली कडी कोणती, हे विचारल्याशिवाय निदान पुरे होत नाही.

जे कारण भासते पण नसते

कार्याच्या आधी घडलेली प्रत्येक गोष्ट कारण नसते. न्यायशास्त्रात अशा गोष्टींना अन्यथासिद्ध म्हणतात, आणि कुंभाराचे गाढव हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. मडक्याची माती गाढवाच्या पाठीवरून आली हे खरे, पण माती दुसऱ्या कशावरून आणली असती तरी मडके झालेच असते. इंजिन तापण्याच्या आदल्या दिवशी टायर बदलले, नवा ड्रायव्हर आला, वाटेत कुणी अपशकुन केला, या गोष्टी आधी घडल्या म्हणून कारण ठरत नाहीत. त्या वगळल्या तर कार्य टळले असते का, हा प्रश्न प्रत्येक संशयिताला विचारावा लागतो. ते असताना कार्य असते हा अन्वय आणि ते नसताना कार्य नसते हा व्यतिरेक, या दोन्ही कसोट्यांना जे उतरते तेच कारण.

दुसरा धोका उपाधीचा. जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणणे चूक आहे, कारण तापलेल्या लोखंडात अग्नी असूनही धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण लागते. ती लपलेली अट म्हणजे उपाधी. ‘चंद्रपूरच्या उन्हात गाडी तापतेच’ या विधानातही अशीच उपाधी दडलेली आहे : रेडिएटर बुजलेला असेल तर, कूलंट कमी असेल तर, फॅन मंद असेल तर. ती उघड केली की विधान सुधारते आणि उपायही सापडतो.

उपाधी न ओळखल्याने पडलेल्या दोन सवयी या भागात मोठे नुकसान करतात. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकणे ही पहिली. थर्मोस्टॅट अडकल्याने एखादी गाडी तापली होती, म्हणून थर्मोस्टॅट हीच अडचण असे ठरते. पण तो काढल्यावर डिसेंबरच्या पहाटे इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, डिझेल जास्त जळते, झीज वाढते. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाटही बंद करतो, तिथे तो काढल्यावर गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला टाळूनच फिरतो आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापू शकते. दुसरी सवय कूलंटऐवजी बोअरवेलचे पाणी भरण्याची. साधे पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेते, म्हणून सुरुवातीला फरक चांगला जाणवतो आणि सवय पक्की होते. मात्र पाण्यातले क्षार नळ्यांत थर धरतात, गंजरोधक द्रव्य नसल्याने धातू गंजतो, आणि काही उन्हाळ्यांनी तोच थर रेडिएटर बुजवतो. अडचणीच्या वेळी पाणी भरणे योग्यच आहे. त्यालाच कायमचा उपाय मानणे ही चूक आहे.

साधारण कारण आणि असाधारण कारण

आता मूळ प्रश्नाकडे येता येते. न्यायमतात कारणांचे दोन वर्ग आहेत. काही कारणे प्रत्येक कार्याला लागतात. ती साधारणपणे आठ मोजली जातात : ईश्वर, त्याचे ज्ञान, त्याची इच्छा, त्याची कृती, प्रागभाव (कार्य घडण्यापूर्वीचा त्याचा अभाव), काल, दिशा आणि अदृष्ट, म्हणजे जीवांचे साठलेले पुण्यपाप. यांना साधारण कारण म्हणतात. एखाद्या कार्याचे खास असे जे कारण, ते असाधारण. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात हा विचार थोडक्यात आला आहे. मुंबईत य. वा. आठल्ये यांनी सिद्ध केलेल्या आणि १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आवृत्तीवर पुढे विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या.

या वर्गवारीचे महत्त्व असे. नैयायिक ईश्वर मानणारे होते. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली हा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठीच लिहिला. तरी त्यांच्या परंपरेने ईश्वर आणि अदृष्ट यांना साधारण कारणांत ठेवले. जे कारण सगळ्या कार्यांना सारखेच लागू असते, ते एका कार्याचा दुसऱ्यापासूनचा भेद सांगू शकत नाही. ही गाडी तापली आणि मागची तापली नाही, या दोन्ही घटना ईश्वराच्या इच्छेनेच झाल्या असे मानले, तरी त्यांतला भेद त्या इच्छेच्या उल्लेखाने उलगडत नाही. तो उलगडतो जळलेल्या रिलेने. श्रद्धा ठेवणाऱ्याला यासाठी काहीही सोडावे लागत नाही. त्याने फक्त साधारण कारणाला असाधारण कारणाच्या जागी बसवू नये.

ऊन हे नेमके या दोहोंच्या मध्ये येते. ते सगळ्या जगाला नसले तरी त्या रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांना साधारण आहे. म्हणून ते दुखणे वाढवते, पण दुखणे कोणाला होणार हे ठरवत नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी करणे, नाना चेष्टा आणि पाचवे दैव. तिथेही दैव उरलेल्या चार कारणांच्या सोबत मोजले आहे, त्या चारांना पुसून टाकण्यासाठी ते आलेले नाही.

अदृष्टाची हद्द बदलत आली आहे, हेही याच परंपरेतून दिसते. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत लोहचुंबकाकडे सुई सरकते याचे कारण अदृष्ट सांगितले आहे, कारण त्या काळी दुसरे कारण दिसत नव्हते. आज चुंबकत्वाचे नियम शाळेत शिकवले जातात. अदृष्टाचे नाव घ्यायचे ते दिसण्यासारखी सगळी कारणे तपासून झाल्यावर, तपासणीच्या आधी नाही.

चरकाचा आस

दैव आणि माणसाचा प्रयत्न यांच्या वादात चरकसंहितेने जे उदाहरण वापरले ते गाडीचेच आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात शिष्य अग्निवेश विचारतो की आयुष्याची लांबी आधीच ठरलेली असते का. गुरू आत्रेय उत्तर देतात की आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून असते, आणि त्यांतले बलवान असेल ते दुर्बळाला मागे सारते. सगळ्यांचे आयुष्य ठरलेलेच असते तर औषधाची गरज नसती आणि उधळलेल्या जनावरांपासून दूर राहण्याचे कारणही नसते. मग ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगल्या लाकडाचा, नीट वापरलेला आस आपल्या ताकदीइतका काळ टिकून झिजतो, तसा काळमृत्यू. तोच आस फार ओझ्याने, खडबडीत वाटेने, वाट सोडून नेल्याने, चाक मोडल्याने, ओढणाऱ्या जनावराच्या किंवा हाकणाऱ्याच्या दोषाने, खीळ निघाल्याने, वंगण न दिल्याने किंवा गाडी उलटल्याने मध्येच मोडतो, तसा अकाळमृत्यू.

ही यादी आजच्या इंजिनाला जवळजवळ तशीच लावता येते. क्षमतेपेक्षा जास्त माल, आलापल्लीपुढचे जंगलातले खाचखळग्यांचे रस्ते, सैल झालेली क्लिप, लाल दिवा पाहूनही गाडी दामटणारा चालक, वेळेवर न बदललेले ऑइल आणि कूलंट. आत्रेयांच्या दृष्टीने या प्रत्येक ठिकाणी माणसाच्या प्रयत्नाला जागा होती, आणि ती जागा रिकामी ठेवून पुढे दैवाचे नाव घेणे त्यांना मान्य नव्हते.

गडचिरोलीत या विचाराला भक्तीच्या बाजूनेही आधार आहे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे प्राचीन देवळांचा समूह आहे आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. हे स्थान ज्या मार्कंडेयाच्या नावाशी जोडले आहे, त्याला सोळाच वर्षांचे आयुष्य होते आणि शिवभक्तीने त्याने यमाला परतवले, अशी कथा आहे. म्हणजे श्रद्धेच्या परंपरेतही ठरलेले आयुष्य अटळ मानलेले नाही. दसऱ्याला गाडीला हार घालून पूजा करणारा माणूस याच परंपरेत उभा असतो. साधनाची पूजा करणे आणि त्याची देखभाल करणे, ही दोन्ही एकाच आदराची रूपे आहेत. त्यांपैकी एक केले म्हणून दुसरे टळत नाही.

निदान आणि जबाबदारी

हा भेद केवळ शास्त्रार्थापुरता नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडे मोठ्या रुग्णालयाचे अंतर लांब, वस्त्या विरळ आणि गॅरेज दूर. भामरागड किंवा एटापल्लीकडून बाळंतिणीला घेऊन निघालेली रुग्णवाहिका तापून थांबली, तर त्या तासाभराची किंमत माणसाच्या जिवाची असू शकते. अशा वेळी ‘नशीब’ हा शब्द दुःखी कुटुंबाला धीर देत असेल, तर त्याचा तो उपयोग कोणी हिरावू नये. पण गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याने तोच शब्द उच्चारला तर त्याचा अर्थ बदलतो. तेव्हा तो शब्द न तपासलेली कूलंटची पातळी आणि न बदललेला पट्टा झाकू लागतो. दुःख सहन करण्यासाठी दैवाची भाषा आणि दुःख टाळण्यासाठी कारणाची भाषा, हा क्रम उलटा झाला की श्रद्धेचीही हानी होते आणि गाडीचीही.

निदानाला मर्यादा आहेत. कधी सगळ्या चाचण्या करूनही कारण हाती लागत नाही. चार्वाक यावर म्हणेल की कार्यकारणाचा संबंध सर्वत्र आणि सर्वकाळ पाहिलेलाच नाही, तेव्हा कोणतेही अनुमान निश्चित नाही. उदयनाचार्यांचे उत्तर असे की शंकेलाही हद्द असते. स्वतःच्याच वागण्याशी विसंगती आली की शंका थांबते. धुरासाठी अग्नी पेटवणारा माणूस धुराचे कारण अग्नी आहे की नाही अशी शंका खऱ्या अर्थाने घेत नसतो. गॅरेजमध्येही हीच हद्द आहे. दोष सापडला असे तेव्हा म्हणावे जेव्हा तो दूर केल्यावर, तेवढ्याच उन्हात, तेवढ्याच ओझ्याने आणि त्याच चढावर गाडी तापत नाही.

व्यवहारात याचा क्रम ठरलेला आहे. काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर सुरू करावा आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी थांबवून इंजिन बंद करावे. किमान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये, कारण दाबाखालचे १०० अंशांवरचे पाणी झाकण उघडताच वाफ होऊन अंगावर येते. थंड झाल्यावर पातळी पाहून पाणी भरावे आणि हळू जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी. पातळी टिकत नसेल तर गाडी ओढूनच न्यावी. त्यानंतर काटा खरा आहे का, गाडी उभी असताना तापते की वेगात, पाणी बाहेर जाते की आत, आणि पहिला दोष कोणता, हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत. या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ऊन किंवा नशीब या शब्दाने चौकशी बंद करू नये. ज्या कारणामुळे तापलेली गाडी न तापलेल्या गाडीपासून वेगळी ठरते, त्यालाच निदान म्हणावे.